प्लेगचा वाद आणि उंबऱ्याआतली माणसे

माझ्या दुसऱ्या कादंबरीची नवी आवृत्ती काढावी असे प्रकाशकांच्या मनात आले आणि ‘काही फेरफार करावयाचे असल्यास पंधरा दिवसांत कळवावे’ असे त्यांनी मला लिहिले. त्याला आता चार महिने होत आले. फेरफार तर मी कळवले नाहीतच. त्याऐवजी हा लेख लिहावयास बसलो आहे. कादंबरी १८९७ सालच्या पुण्याच्या प्लेगावर आहे. ती निघाली तेव्हा तिच्याविषयी चार बरे शब्द लिहिले गेले. आणि ज्या एका प्रकरणाची सर्वांनी विशेष वाखाणणी केली तेच प्रकरण मला आज वाचवत नाही.

त्या प्रकरणात कसबा पेठेतल्या एका वाड्यात गोरे सोजीर शिरतात. घरातली सून देवघराच्या दारात आडवी उभी राहते आणि त्यांच्या नायकाला चांगले दीड पान सुनावते. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एका मुलीने हे भाषण नऊवारी नेसून म्हटले होते. पालकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मीही मागच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवल्या. लेखकाने आपल्याच वाक्यांना टाळ्या वाजवू नयेत हे त्या वेळी सुचले नाही.

त्याच कादंबरीत गोपाळ कृष्ण गोखले दोन पानांपुरते येतात. मान खाली घातलेला, ओठ कोरडे पडलेला, भ्यालेला माणूस, असे त्यांचे चित्र मी काढले आहे. शूर सून आणि भित्रे गोखले ही दोन चित्रे मला तेव्हा अगदी वेगवेगळी वाटत होती. ती एकाच चुकीची दोन अंगे आहेत असे आता वाटते. आणि ती चूक माझ्या एकट्याची नव्हे. प्लेगच्या वादाचे वाङ्मय आपण ज्या रीतीने वाचत आलो त्या रीतीतूनच ती माझ्याकडे आली.

मी विद्वान नव्हे. मॅट्रिक झालो, चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि अंबरनाथच्या एका शाळेत चित्रकला शिकवू लागलो, तो अजून शिकवतोच आहे. दर हिवाळ्यात मुलांना शिवमंदिराच्या आवारात नेऊन बाहेरच्या भिंतीवरल्या मूर्ती कागदावर उतरवावयास लावणे हा माझ्या नोकरीतला सर्वांत सुखाचा भाग. जुन्या वर्तमानपत्रांतले वाद वाचण्याचा नाद मात्र पहिल्यापासून आहे. तेव्हा पुढल्या विवेचनात संशोधकाची शिस्त कोणी शोधू नये. एका लिहिणाराने आपल्याच लेखनाची घेतलेली ही झडती आहे, असे समजून ते वाचावे.

घटना बहुतेकांना ठाऊकच आहेत. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांना प्लेग प्रथम ओळखू आला. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि त्याच महिन्यात रँडसाहेब पुण्याच्या प्लेग कमिटीचा अध्यक्ष होऊन आला. मार्चाच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत लष्करी टोळ्या घरोघर झडत्या घेत होत्या. रोग्याला इस्पितळात, घरच्यांना सेग्रिगेशन कँपात, चीजवस्तू जाळात, आणि मागे उकरलेली जमीन व चुना मारलेल्या भिंती, असा तो क्रम होता. झडत्या सुरू होण्याच्या सुमारास, १० मार्चला, रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. गंमत अशी की उंदराकडे आणि त्याच्या अंगावरच्या पिसवेकडे या सगळ्या धामधुमीत कोणाचेच लक्ष नव्हते. पिसवेचा संबंध सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत दाखवला, आणि तो जगाला पटावयास पुढे कित्येक वर्षे लागली. म्हणजे माणसे हुडकणारा रँड आणि त्याला बोल लावणारे पुणेकर हे दोघेही रोगाच्या बाबतीत अंधारातच भांडत होते. वाद मात्र खरा होता. कोणी कोणाच्या घरात कसे शिरावे, हा त्याचा विषय होता.

या वादातले टिळकांचे लेखन म्हणजे मराठी गद्याचे एक मोठे धन आहे, आणि ते मी आजही तितक्याच आदराने वाचतो. त्यांची भूमिका शाळेत सांगितली जाते त्याहून पुष्कळच अवघड होती. रोगी वेगळा ठेवला पाहिजे हे त्यांना मान्य होते. साथ येताच गाव सोडून गेलेल्या पुढाऱ्यांना त्यांनी फटकारले. स्वतः शहरात राहिले आणि हिंदूंसाठी निराळे प्लेग-इस्पितळ उघडण्यात पुढाकार घेतला. सरकारचे प्रयोजन मान्य करावयाचे आणि सरकारची रीत झोडपावयाची, अशा दुहेरी कामाने त्या गद्यात एक ताण आला आहे. निव्वळ निंदा करणाराच्या गद्यात हा ताण येत नाही. २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि जुलैत ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा प्रसिद्ध अग्रलेख आला. त्या मथळ्याची भाषा पाहा. घरातल्या वडीलधाऱ्याने वाह्यात पोराविषयी चारचौघांत काढावेत असे ते शब्द आहेत, आणि ते एका साम्राज्याला लावलेले आहेत. सप्टेंबरात टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. ती जूनच्या अंकातल्या शिवाजी-उत्सवासंबंधीच्या मजकुराबद्दल होती. पण तिच्यामागे प्लेगचा राग होता हे कोणालाही दिसत होते.

एवढे मानूनही एक गोष्ट सांगितली पाहिजे. या सगळ्या लेखनाचे तोंड सरकारकडे आहे, आणि सरकारच्या समोर उभे राहिल्यावर पाठीमागे जे उरतात त्यांना ते ‘लोक’ म्हणते. अग्रलेखाला याहून अधिक करताही येत नसावे. परंतु ‘लोक’ या शब्दाला चूल नसते, दुखणेकरी सासरा नसतो. शेजारणीची भीती नसते. देवघरात बूट गेले हे लोकांचे दुःख म्हणून सांगता येते. ज्या बाईला चारचौघांत उभी करून तपासली ती त्या रात्री घरात कोणाशी काय बोलली, हे लोकांचे दुःख म्हणून सांगता येत नाही.

आणि नेमक्या याच जागी सरकारनेही बोट ठेवले. रँडच्या अहवालात समाधानाने नमूद केले आहे की कोणा स्त्रीचा जाणूनबुजून विनयभंग झाल्याची विश्वासार्ह तक्रार कमिटीकडे आलीच नाही. मी कादंबरीची टिपणे काढीत होतो तेव्हा हे वाक्य वाचून ‘धादांत खोटे’ असे वहीत लिहिले होते. आज वाटते, ते वाक्य अक्षरशः खरेही असेल, आणि म्हणूनच ते भयंकर आहे. तक्रार करावयाची म्हणजे त्या बाईने कमिटीपुढे जाऊन, ज्यांनी हात लावला त्यांच्याच साहेबाला, दुभाष्याच्या तोंडून, कोठे हात लावला ते सांगावयाचे. सांगून घरी परत यावयाचे, ते पुन्हा त्याच पेठेत.

नाव घालून लिहिणारी एक बाई त्या वर्षी होती. पंडिता रमाबाईंनी मे महिन्यात ‘बाँबे गार्डियन’ या पत्रात प्लेगच्या व्यवस्थेविषयी लिहिले. त्यांच्या आश्रयाला असलेली एक मुलगी त्या व्यवस्थेत नेली गेली आणि त्यांना परत मिळाली नाही, हे त्यात होते. सरकारने ते नाकारले, यात नवल नाही. पण पुण्याने तरी ते पत्र उचलून धरावयास हवे होते. त्याच पुण्याने चार वर्षांपूर्वी शारदा सदनावर, मुली बाटवल्या जातात म्हणून, गदारोळ उठवला होता, आणि त्यात ‘केसरी’ पुढे होता. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म घेतलेला. पुण्याच्या बायाबापड्यांची बाजू घेऊन उघडपणे बोलणारी बाई नेमकी अशी निघाली, की तिला आपली म्हणावयास पुणे तयार नव्हते. माझ्या कादंबरीत रमाबाई एका वाक्यात येतात. ते वाक्य मी येथे उद्धृत करीत नाही, लाज वाटते.

आता गोखले. त्या वेळी ते एकतीस वर्षांचे. वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत गेलेले. पुण्याहून मित्रांची पत्रे आली. त्यांत दोन स्त्रियांवर अत्याचार झाल्याचे आणि त्यांतल्या एकीने जीव दिल्याचे लिहिले होते. गोखल्यांनी ते ‘मँचेस्टर गार्डियन’ला सांगितले. इकडे सरकारने इन्कार केला आणि पुरावा मागितला. जुलैअखेर मुंबईला उतरल्यावर त्यांनी पत्रलेखकांकडे पुरावा मागितला, तेव्हा एकही जण पुढे येईना. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगून गोखल्यांना सुटता आले असते. ती त्यांनी सांगितली नाहीत. रानड्यांचा सल्ला घेऊन ऑगस्टच्या आरंभी त्यांनी बिनशर्त माफी प्रसिद्ध केली. गव्हर्नरची, प्लेग कमिटीची आणि सोजीरांचीही. हे शेवटचे पुण्याच्या जिव्हारी लागले. पुढे वर्षानुवर्षे ती माफी त्यांच्या तोंडावर फेकली जात असे.

आणि दामोदर चापेकर. तुरुंगात लिहिलेले त्यांचे आत्मवृत्त मी दोनदा वाचले. त्यात विलक्षण जोर आहे. लपवाछपवी मुळीच नाही. मुंबईतल्या राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याचे सुद्धा ते अभिमानाने सांगतात. सुधारकांवरचा त्यांचा राग इंग्रजांवरच्या रागाहून फारसा कमी नाही, हे वाचताना अडखळावयास होते. १८ एप्रिल १८९८ रोजी ते फासावर गेले. त्या लिहिण्यापुढे टीकाकाराने जपूनच बोलावे. तरीही स्त्रियांची विटंबना त्यात सूडाचे कारण म्हणून येते आणि कारण सांगून झाल्यावर कथा पुढे जाते, गणेशखिंडीकडे.

म्हणजे एकाच बाईविषयी एवढे कागद झाले. एकात तिची तक्रार नाही, एकात तिच्याविषयीची ऐकीव वार्ता, एकात त्या वार्तेची माफी, एकात तिच्यासाठी घेतलेला सूड. ती स्वतः कोठेही बोलत नाही. पुढच्या वर्षी मुंबईला हेच झाले. ९ मार्च १८९८ ला मदनपुऱ्यातल्या विणकरांनी घरातली आजारी मुलगी तपासू द्यावयास नकार दिला, त्यातून मोठा दंगा पेटला. दंग्याची हकीकत सापडते. त्या मुलीचे काय झाले ते मला तरी कोठे वाचावयास मिळाले नाही.

ही रिकामी जागा मला दिसत नव्हती असे नाही. कादंबरीकाराला अशी जागा दिसली की तो ती भरतो. मी दीड पान भाषण घालून भरली. ते भाषण मुळात कोणाचे होते हे कळावयास मला स्वतःच एका दारात उभे राहावे लागले.

मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा महाराष्ट्रात तोच १८९७ चा कायदा लागू झाला. लोकल बंद झाल्या, शाळा बंद झाल्या, देवळे बंद झाली. सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली. तीन माणसांचे पथक, रोज पन्नास घरे, प्रत्येकाचा ताप आणि रक्तातला प्राणवायू मोजावयाचा. आमच्या पथकात एक आशाताई, एक कॉलेजातला मुलगा आणि मी. वाट्याला आल्या त्या शिवमंदिराच्या पलीकडच्या चाळी. वालधुनीच्या काठचा तो भाग. रसायनांचा वास तेथल्या माणसांच्या अंगवळणी पडला आहे. देवळाच्या आवाराला कुलूप होते. ज्या भिंतींपुढे मी वीस वर्षे मुलांना बसवीत आलो त्यांच्यावरून रोज ताप मोजण्याचे पिस्तूल हातात घेऊन जात होतो.

१८९७ साली झडतीच्या टोळ्यांबरोबर गावातले काही गृहस्थ स्वयंसेवक म्हणून जात असत. बाळासाहेब नातू त्यांतले एक. त्यांनी सोजीरांच्या वागणुकीविषयी तक्रारी केल्या, आणि पुढे नातू बंधूंना १८२७ च्या रेग्युलेशनखाली चौकशीवाचून अडकवून ठेवण्यात आले. माझ्या कादंबरीत असा एकही स्वयंसेवक नाही. एका बाजूला सोजीर आणि दुसऱ्या बाजूला घर; मधला माणूस मी वगळला होता. आता मधला माणूस मीच झालो होतो. आपले सरकार आणि परके सरकार यांतला फरक मी विसरत नाही. आमच्यामागे बंदूक नव्हती, आणि आशाताई तर दर घरी पाणी मागून दोन मिनिटे बसत. तरी दार ठोठावल्यावर आत जी शांतता पडते ती माझ्या चांगली ध्यानात राहिली आहे.

एका दारात माझ्या विद्यार्थिनीची आई उभी राहिली. ती घरी पोळीभाजीचे डबे करी.

“अगंबाई, सर, तुम्हीच आलात होय? सगळे बरे आहेत आमच्याकडे.”

ती दारातून हलली नाही. आत पडद्यामागे कोणीतरी खोकले; ते तिने ऐकले, मी ऐकले, आशाताईंनी ऐकले.

“आजोबा कसे आहेत?” मी विचारले.

“त्यांचं नेहमीचंच आहे. दमा.” मग हळू आवाजात, “सर, लिहिलंत तर दाराला पाटी लावतील का हो?”

मी ‘लक्षणे नाहीत’ असे नोंदवले आणि पुढल्या दारी गेलो. रात्री झोप आली नाही. सकाळी आशाताईंना फोन केला. त्यांनाही आली नव्हती. आम्ही परत गेलो, या खेपेस आत गेलो. आजोबांच्या बोटाला लावलेले यंत्र ८६ दाखवीत होते. दुपारी गल्लीत रुग्णवाहिका शिरली तेव्हा चाळीतले प्रत्येक दार अर्धवट उघडलेले होते. ती बाई आमच्याकडे न पाहता सासऱ्याच्या पिशवीत टॉवेल आणि चष्मा भरत होती. मी काहीतरी धीराचे बोललो. तिने ‘हो’ म्हटले. आजोबा सोळाव्या दिवशी चालत परत आले. डबे मात्र अकराचे दोन झाले, आणि ते दोनही दिवाळीपर्यंत टिकले नाहीत.

आम्ही केले ते योग्य केले याविषयी मला शंका नाही. आदल्या दिवशी आत न शिरता निघून गेलो, ते चुकलो. पण तिच्या बाजूने त्या दोन दिवसांचा कागद कोठे आहे? मोहिमेच्या दप्तरात ते एक वेळेवर हुडकलेले दुखणे. तक्रार नाही.

नेमक्या त्याच आठवड्यात, १२ ऑक्टोबरला, राज्यपालांनी देवळे उघडण्याविषयी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले आणि आपण अचानक सेक्युलर झालात काय, असा टोमणा मारला. मुख्यमंत्र्यांनी उलट उत्तर पाठवले की माझ्या हिंदुत्वाला आपल्या प्रमाणपत्राची गरज नाही. आमच्या शिक्षकमंडळींत फोनवर त्यावरून दोन तट पडले. मीही हिरीरीने एका तटात होतो. दोन्ही पत्रे चुरचुरीत होती यात वाद नाही. शिवमंदिराच्या कुलपाविषयी जो तो बोलत होता. देवळामागच्या चाळीत कोणाचे डबे बंद पडले, यावर पत्र कोणी कोणाला लिहावयाचे? पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, राज्यातली देवळे उघडली आणि तो वाद लोक विसरूनही गेले.

त्या हिवाळ्यात मी कादंबरी पुन्हा वाचली. सुनेचे भाषण काढून वाचताना स्पष्ट ऐकू आले, की तो आवाज तिचा नाही. ती वाक्ये अग्रलेखाची आहेत. पल्लेदार, सरकारला उद्देशून केलेली, पुराव्याची गरज नसलेली वाक्ये मी तिच्या तोंडी घातली होती. टाळ्या पडल्या त्या त्यामुळेच. आणि जिने असे भाषण केले तिच्यासाठी साक्ष देताना गोखल्यांची जीभ का अडखळावी, असा प्रश्न वाचकाला पडणारच. म्हणून माझे गोखले भित्रे निघाले. सून बोलली नसती, तर गोखल्यांची अडचण वाचकाला समजली असती. ज्यांनी पत्रे लिहिली ते गप्प, ज्यांच्यावर बेतले त्या असतील तर गप्प, आणि हा माणूस जगापुढे एकटा. खरे काय झाले ते त्याला ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही हे तो लिहून देतो. त्या सालच्या सगळ्या कागदांत ‘माझ्याजवळ पुरावा नाही’ असे आपल्याच विरुद्ध कबूल करणारा एवढाच एक कागद आहे. माफीचा विस्तार त्याने नको तितका केला, सोजीरांची माफी मागावयास नको होती, असे मला अजूनही वाटते. पण ज्याला भ्याडपणा म्हणावे ते नावे सांगण्यात होते, आणि ते त्याने केले नाही.

आमच्या शाळेतले इतिहासाचे सर मला म्हणाले, “तुम्ही तराजूच्या एका पारड्यात फासावर गेलेली पोरे घालता आणि दुसऱ्यात माफीपत्र. हे बरे नव्हे.” त्यांचे म्हणणे अगदीच उडवून लावता येत नाही. चापेकर बंधूंनी जीव दिला, टिळकांनी तुरुंग भोगला. मी चार दिवस चाळीत हिंडून त्यांच्या लेखनात उणे काढीत आहे. मी त्यांना एवढेच म्हटले, की उणे त्यांच्यात कमी आणि आपल्या वाचनात जास्त आहे. ते लढत होते. आपण सव्वाशे वर्षे नुसते वाचत आहोत, तेव्हा दुसरीकडे पाहावयास आपल्याला सवड होती. त्यांना ते पटले नाही. मधल्या सुटीची घंटा झाली आणि बोलणे तेथेच राहिले.

ऑक्टोबर २०२१ मध्ये शाळा उघडल्यावर ती बाई मुलीचा दाखला न्यावयास आली. चाळ सोडून बदलापूरला भाऊ राहतो त्याच्याजवळ जाणार होती. आजोबा बरे होते. मी धीर करून विचारले, “ताई, माझ्यावर राग धरलात का?”

“राग कसला, सर? तुमचं काम होतं ते.”

दाखल्यावरचे नाव तिने एक एक अक्षर तपासून घेतले, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि नमस्कार करून गेली.

प्रकाशकांना मी लिहिले आहे की ते दीड पान काढावे. पुढल्या सगळ्या पानांचे आकडे बदलतात आणि खर्च वाढतो, अशी त्यांची तक्रार आहे. त्या जागी नवे काय देणार, असेही त्यांनी विचारले आहे. ते अजून जमलेले नाही. रमाबाईंच्या वाक्याचे चांगले चार पानांचे प्रकरण झाले आहे, आणि गोखल्यांची दोन पाने पुन्हा लिहून झाली आहेत. ती या आठवड्यात टपालात टाकीन.